पडणारे दात, घडणारे दात

पहिली-दुसरीच्या वर्गात डोकावून पाहिले, तर हसणाऱ्या मुलांच्या तोंडांत ठिकठिकाणी खिडक्या पडलेल्या दिसतात. कोणाचे पुढचे दोन दात गेलेले असतात, कोणाचा एखादा दात हलत असतो, तर कोणी 'स'चा उच्चार करताना जिभेचे टोक पुढच्या फटीतून बाहेर काढतो. मोठी माणसे त्याला बोळका म्हणून चिडवतात. पण कोणालाच त्याची काळजी वाटत नाही. हे दुधाचे दात होत. ते पडावयाचेच आणि त्यांच्या जागी नवे यावयाचेच, हे सर्वांना ठाऊक असते. पडलेला दात घराच्या कौलांवर फेकावा किंवा उंदराच्या बिळात टाकावा, म्हणजे नवा दात उंदराच्या दातासारखा बळकट येतो, अशी समजूत कित्येक घरांत आहे. म्हणून मूल मोठ्या उत्सुकतेने दात टाकून येते आणि रोज आरशात पाहून नव्याची वाट पाहू लागते.

चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांत मात्र या उत्सुकतेचा शेवट निराळा होत आला आहे. मुलाचे दुधाचे दात चांगले पांढरे असतात. ते पडतात, नवे दात वर येतात; पण ते येतात तेच खडूसारखे निस्तेज डाग घेऊन. पुढे त्या डागांवर पिवळे, तपकिरी पट्टे उमटतात. मूल दात घासून घासून थकते, तरी डाग जात नाहीत. दात तर कालपरवाच हिरडीतून बाहेर आले. त्यांनी अजून फारसे अन्नही चावलेले नाही. मग त्यांना हा डाग लावला कोणी आणि केव्हा?

या प्रश्नाचे उत्तर मिळवावयाचे तर दात कसे पडतात यापेक्षा ते कसे घडतात, हे आधी समजून घ्यावे लागेल.

बाळ साधारण सहा महिन्यांचे झाले की त्याच्या खालच्या हिरडीत समोरचे दोन दात टोचू लागतात. त्यानंतर एकामागून एक दात येत जातात आणि अडीच वर्षांच्या सुमारास वीस दातांचा संच पूर्ण होतो. वरच्या जबड्यात दहा आणि खालच्या जबड्यात दहा. प्रत्येक जबड्यात समोर चार पटाशीचे दात, त्यांच्या दोन्ही अंगांस एकेक सुळा आणि मागे दोन्ही बाजूंस दोन दोन दाढा, अशी त्यांची मांडणी असते. हेच दुधाचे दात. सहाव्या-सातव्या वर्षी ते पडू लागतात. बहुधा जे आधी आलेले असतात, ते खालचे मधले दोन दात आधी पडतात. सातव्या ते नवव्या वर्षांपर्यंत समोरचे सारे दात बदलतात. नऊ ते बारा या वर्षांत सुळे आणि दुधाच्या दाढा पडतात. कोणाचे दात थोडे आधी पडतात, कोणाचे थोडे उशिरा. मुलींचे दात बहुधा मुलांपेक्षा किंचित लवकर बदलतात. त्यात वर्षभराचे अंतर पडले तरी घाबरण्याचे कारण नसते.

पडलेला दुधाचा दात हातात घेऊन नीट पाहा. त्याला मूळ जवळजवळ नसतेच. दात मोडून मूळ आत राहिले असेल, असे पाहणाऱ्याला वाटते. पण तसे नसते. तो दात जबड्यात घट्ट बसलेला होता, तेव्हा त्याला चांगले लांब मूळ होते. खालून नवा दात वर सरकू लागला, तशी जबड्यातील विशिष्ट पेशींनी हे मूळ हळूहळू विरघळवून टाकले. त्यातील द्रव्ये शरीराने परत घेतली. मुळाचा आधार जसजसा कमी झाला, तसतसा दात हलू लागला आणि शेवटी नुसता वरचा भाग हिरडीला चिकटून राहिला. म्हणूनच असा दात पडताना फारसे दुखत नाही आणि रक्तही थोडेच येते. पिकलेले पान देठापासून अलगद सुटावे, तसा तो सुटतो. कच्चे पान ओढून काढल्यास फांदीची साल निघते. त्याचप्रमाणे न हललेला दात दोरा बांधून ओढणे हेही अयोग्यच होय.

दातांचे दोन संच कशासाठी, असेही कोणी विचारील. त्याचे कारण सोपे आहे. हाड वाढते, कातडी वाढते, नखे वाढतात. पण एकदा घडलेल्या दाताचा आकार मात्र वाढत नाही. बाळाच्या चिमुकल्या जबड्यात मोठ्या माणसाचे दात मावणार नाहीत आणि मोठ्या माणसाच्या रुंद जबड्याला बाळाचे वीस दात पुरणार नाहीत. तेव्हा लहानपणी लहान दात आणि जबडा वाढू लागला म्हणजे मोठे दात, अशी निसर्गाची योजना आहे.

आपल्या भोवतालचे प्राणी पाहिले, तर या योजनेचे अनेक प्रकार आढळतात. बैलबाजारात शेतकरी बैलाचा ओठ उचलून त्याचे दात पाहतो, हे तुम्ही पाहिले असेल. दुधाचे दात असलेल्या गोऱ्हयाला तो आदत म्हणतो. दोन वर्षांच्या सुमारास खालच्या जबड्यातील मधले दोन दात बदलले की तो दोन दाती होतो. मग चार दाती, सहा दाती असे होत होत पाचव्या वर्षाच्या सुमारास आठही दात नवे येतात आणि बैल जुळला असे म्हणतात. जन्माचा दाखला नसलेल्या जनावराचे वय शेतकरी त्याच्या दातांवरून वाचतो. ताडोबाच्या अरण्यातील वाघाच्या बछड्यांनाही आधी दुधाचे सुळे असतात. ती आईच्या आधाराने वाढत असतानाच ते पडून खरे सुळे येतात. त्याच ताडोबाच्या तलावातील मगरीची तऱ्हा वेगळी. तिचा दात पडला की त्याच्या खालून दुसरा येतो, तो पडला की तिसरा. असे आयुष्यभर चालते. गडचिरोली जिल्ह्यात कमलापूर येथे वनखात्याचे हत्ती आहेत. हत्तीच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस आयुष्यात एकामागून एक अशा सहा दाढा येतात. झिजलेल्या दाढेला मागून येणारी नवी दाढ पुढे ढकलते. आणि ज्याच्या बिळात आपण आपला दात टाकतो, त्या उंदराचे समोरचे दात तर पडतच नाहीत. ते सतत वाढत राहतात आणि कुरतडण्याने सतत झिजत राहतात.

माणसाला मगरीसारखे पुनःपुन्हा दात येत नाहीत, हत्तीसारख्या सहा दाढा येत नाहीत आणि उंदरासारखे दात वाढतही नाहीत. त्याला एकच बदल मिळतो. दुसरा संच हाच त्याचा अखेरचा संच होय.

हा अखेरचा संच कोठे आणि केव्हा तयार होतो? दुधाचा दात पडल्यावर त्याच्या खाली नवा दात घडू लागतो, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तो त्याच्या कितीतरी आधीपासून तेथे घडत असतो. मूल जन्माला येते त्याच सुमारास त्याच्या पहिल्या कायमच्या दाढेचा माथा जबड्यात कठीण होऊ लागलेला असतो. पहिल्या वर्षातच समोरच्या बहुतेक कायमच्या दातांची घडण सुरू होते आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत त्यांचा बाहेर दिसणारा भाग पुरा होतो. त्यांच्यामागील दाढांचे काम सातव्या-आठव्या वर्षापर्यंत चालते. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात आपल्याला वीस दात दिसतात. पण त्याच वेळी हिरड्यांखाली, जबड्याच्या हाडात आणखी अठ्ठावीस दात कमीअधिक तयार होऊन आपल्या पाळीची वाट पाहत असतात. असे वीस आणि अठ्ठावीस मिळून अठ्ठेचाळीस दात त्या लहानशा चेहऱ्यात एकाच वेळी असतात. राहिलेल्या चार अक्कलदाढा मागाहून तयार होतात. त्या येतात सतराव्या वर्षानंतर. काहींना तर त्या येतही नाहीत.

दाताच्या माथ्यावर जे चकचकीत कवच असते, त्याला दंतवल्क किंवा इनॅमल म्हणतात. हे कवच हिरडीखाली असतानाच काही पेशी रोज थोडे थोडे करून, थरावर थर देऊन बांधतात. आलापल्लीच्या जंगलातील सागाचा बुंधा कापला, तर त्यात वर्षांची वर्तुळे दिसतात. चांगल्या पावसाचे वर्ष कोणते आणि अवर्षणाचे कोणते, हे त्या वर्तुळांवरून जाणकाराला कळते. दंतवल्काच्या थरांचेही तसेच आहे. ते सूक्ष्मदर्शकातून पाहिले म्हणजे त्यात बाळपणीच्या दिवसांची नोंद सापडते. दुधाच्या दातांचा काही भाग आईच्या पोटात असतानाच घडतो आणि काही जन्मानंतर. या दोहोंच्या मध्ये एक बारीक रेषा असते. मूल ज्या दिवशी जन्मले, त्या दिवसाची ती खूण असते. मूल फार आजारी पडले किंवा त्याची फार उपासमार झाली, तर त्या वेळी घडत असलेल्या दातावर त्याचीही खूण राहू शकते.

दंतवल्क हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. हाडे मातीत मिसळून गेली तरी दात टिकून राहतात. याचा एक मोठा पुरावा आपल्या शेजारच्याच खडकांतून मिळालेला आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यात, प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. त्या गावावरून नाव पडलेले जुने खडक प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात पसरले आहेत. या खडकांत अतिप्राचीन काळच्या लहानशा सस्तन प्राण्यांचे दात सापडले. त्यांपैकी एका प्राण्याला १९८१ साली कोटाथेरियम हे नाव देण्यात आले. ज्युरासिक कालखंडातील सस्तन प्राण्याचा भारतात मिळालेला हा पहिला पुरावा होता. कोट्यवधी वर्षांनंतर तो प्राणी होता हे जगाला कळले, ते त्याच्या दातामुळे.

इतक्या कठीण कवचात एक मोठा उणेपणाही आहे. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते. कारण त्यांत जिवंत पेशी असतात. दंतवल्क बांधणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून बाहेर पडेपर्यंतच असतात. दात बाहेर आला की त्यांचे कार्य संपते आणि त्या नाहीशा होतात. कारागीर घर बांधून निघून जावेत आणि पुन्हा कधी परत येऊ नयेत, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे घडताना राहिलेले वैगुण्य शरीर पुढे दुरुस्त करू शकत नाही आणि पडलेले भोकही भरून काढू शकत नाही.

आता डागांच्या प्रश्नाकडे वळू. या कोड्याचा उलगडा आधी दूर अमेरिकेत झाला. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा एक तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आपला व्यवसाय करण्यासाठी गेला. तेथे जन्मलेल्या पुष्कळ लोकांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, हे पाहून तो चकित झाला. त्याने वर्षानुवर्षे चौकशी केली. तेव्हा एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. जे लोक मोठेपणी त्या गावात राहावयास आले होते, त्यांच्या दातांवर डाग नव्हते; ज्यांचे बालपण तेथे गेले होते, त्यांच्याच दातांवर ते होते. म्हणजे डाग बाहेरून लागत नव्हता. दात घडत असतानाच तो आतून येत होता.

पुढे १९२३ साली आयडाहो प्रांतातील ओकली या गावच्या पालकांनी मॅकेला बोलाविले. गावाला एका दूरच्या उष्ण झऱ्याचे पाणी नळाने आणल्यापासून मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले होते. मॅकेने तो नळ सोडून दुसरे पाणी वापरण्याचा सल्ला दिला. गावकऱ्यांनी तो मानला. काही वर्षांनी लहान मुलांचे नवे दात आले, ते डागांवाचून आले. दोष पाण्यात होता, हे सिद्ध झाले. पण पाण्यातील कोणत्या पदार्थात, हे कळत नव्हते. १९३१ साली एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने अशाच एका गावाच्या पाण्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा त्या पाण्यात फ्लोराइड हे द्रव्य फार प्रमाणात असल्याचे आढळले. पुढील संशोधनात असेही दिसून आले की, हेच द्रव्य अगदी अल्प प्रमाणात असेल तर दात किडण्याला आळा घालते. मिठाच्या चिमटीने भाजीला चव येते आणि मुठीने ती भाजी बिघडते, तशी ही गोष्ट आहे.

भारतात या विकाराची नोंद १९३७ साली झाली. त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात तो आढळला. त्यानंतर देशाच्या अनेक भागांत तो दिसून आला. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले. अशा पाण्यामुळे दातांवर येणाऱ्या या डागांना दंत-फ्लोरोसिस म्हणतात.

हे फ्लोराइड कोणी पाण्यात टाकत नाही. ते खडकांतूनच येते. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि ग्रॅनाइटसारख्या खडकांच्या भेगांतून खोल जाते. काही खडकांत फ्लोराइड असलेली खनिजे असतात. पाणी त्यांच्या सहवासात जितका अधिक काळ राहील, तितके फ्लोराइड त्यात अधिक विरघळते. पूर्वी या भागातील लोक उघड्या विहिरी, तलाव आणि नद्यांचे झरे यांवर तहान भागवीत. ते पाणी पुष्कळदा गढूळ असे आणि त्यातून पटकी, हगवण, नारू असे रोग पसरत. पुढे खोल विंधणविहिरी आल्या, हातपंप आले. स्वच्छ पाण्याने कितीतरी मुलांचे प्राण वाचविले, हे विसरता येणार नाही. परंतु काही ठिकाणी त्या खोल, नितळ पाण्याबरोबर खडकातील फ्लोराइडही वर आले. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही कळत नाही.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एका लिटर पाण्यात फ्लोराइड एक मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणी मिळण्यासारखे नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. याहून पुष्कळ अधिक फ्लोराइड असलेले पाणी लहान मूल रोज पीत राहिले, तर त्याच्या जबड्यात घडत असलेल्या दंतवल्काची बांधणी बिघडते. कवच भरीव न होता सच्छिद्र राहते. असा दात वर आला की आधी खडूसारखा दिसतो आणि पुढे त्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरून तो पिवळा-तपकिरी होतो. दुधाच्या दातांचा बराच भाग आईच्या पोटात आणि पहिल्या काही महिन्यांतच घडत असल्यामुळे ते बहुतांशी वाचतात. म्हणूनच पांढरे दात पडून डागाळलेले दात आल्यासारखे वाटते. आठव्या वर्षी दिसणारा डाग हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्यालेल्या पाण्याचा असतो. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर हाडे आणि सांधेही ताठरतात. तो विकार याहूनही कष्टदायक आहे.

यावर उपाय कोणता? डाग पडल्यावर तो घासून काढणे हा नव्हे. कोळशाने किंवा विटेच्या भुकटीने दात घासल्यास डाग जात नाही. उलट कवच मात्र झिजते. पाणी उकळणे हाही उपाय नव्हे. उकळल्याने रोगजंतू मरतात, पण फ्लोराइड उडून जात नाही. पाणी आटले की त्याचे प्रमाण उलट वाढते. खरा उपाय म्हणजे पाण्याची तपासणी. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून घेता येतो. एकाच गावातील दोन हातपंपांच्या पाण्यातही फरक असू शकतो. तेव्हा ज्या पाण्यात फ्लोराइड कमी आहे ते पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी आणि दुसरे धुण्या-भांड्यांसाठी, अशी वाटणी करता येते. नदीचे शुद्ध केलेले पाणी नळाने आणणे किंवा पावसाचे पाणी स्वच्छ रीतीने साठविणे हेही मार्ग आहेत. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना यांच्या साहाय्याने पाण्यातील फ्लोराइड खाली बसविण्याची एक पद्धत शोधून काढली. शेजारच्या तेलंगणातील नळगोंडा या जिल्ह्याच्या नावाने ती ओळखली जाते. तुरटी व चुना यांचे प्रमाण पाण्याप्रमाणे बदलते. म्हणून ती जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच वापरावी लागते. मुलांच्या आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या, आवळा, लिंबू असे पदार्थ असावेत. दात घासण्याची पेस्ट लहान मुलाला वाटाण्याएवढीच द्यावी आणि ती गिळू देऊ नये.

ज्या गावांच्या पाण्यात हा दोष नाही, तेथील मुलांनीही आणखी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. सहाव्या वर्षी, दुधाचे दात पडू लागण्याच्या सुमारास, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे चारही बाजूंस एकेक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. म्हणून ती आली हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. सारे लक्ष समोरच्या पडलेल्या दातांकडे असते. ही मागची दाढ दुधाची आहे, ती किडली तरी पडून दुसरी येईल, अशा समजुतीने तिची हेळसांड होते. पण ती दाढ कायमची असते. ती गेली की पुन्हा येत नाही. दुधाच्या दाढाही पडावयाच्याच म्हणून किडू देणे योग्य नव्हे. त्या खालून येणाऱ्या दातांची जागा राखून ठेवतात. एखादी दाढ फार आधी गेली, तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि नवा दात वाकडातिकडा वर येतो. म्हणून सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात स्वच्छ करावेत. गोड, चिकट पदार्थ खाल्ल्यावर चूळ भरावी.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पुष्कळ लोक खातात. काही जण तंबाखूची मिसरी किंवा गुडाखू दातांना लावतात. मोठ्यांचे पाहून मुलेही तसे करू लागतात. तंबाखूने हिरड्या दातांपासून सुटतात आणि तोंडाचा कर्करोग होतो. सुपारीने तोंड उघडेनासे होते. कोट्यवधी वर्षे टिकू शकणारा दात हिरडीने साथ सोडली तर माणसाच्या तोंडात चाळीस वर्षेही टिकत नाही.

आज तुम्ही अकरा ते तेरा वर्षांचे आहात. तुमच्या दुधाच्या दातांपैकी शेवटचे एकदोन दात हलत असतील किंवा नुकतेच पडले असतील. मागे दुसरी कायमची दाढ येत असेल. अक्कलदाढा सोडल्या, तर तुमच्या सर्व दातांचे कवच बांधून पुरे झाले आहे. जसे ते झाले तसे ते झाले. आता ते राखणे एवढेच तुमच्या हाती आहे. ज्यांच्या दातांवर पाण्यामुळे डाग पडले आहेत, अशी मुले कधी कधी हसताना तोंडावर हात धरतात. त्यांना अस्वच्छ म्हणून हिणविणे हा अन्याय होय. ज्या वेळी तो डाग पडला, त्या वेळी त्यांना चालताही नीट येत नव्हते आणि घरात जे पाणी होते तेच ती प्याली. शिवाय असे डाग दंतवैद्याच्या उपायांनी पुष्कळसे झाकता येतात.

परंतु तुमच्या घरात किंवा शेजारी आठ वर्षांच्या आतले एखादे भावंड असेल. त्याच्या तोंडातील इवलेसे पांढरे दात तुम्हाला दिसतात. त्यांच्याखाली जे दात त्याला जन्मभर वापरावयाचे आहेत, ते आज, या क्षणी घडत आहेत. ते कोणत्या पाण्याने आणि कोणत्या अन्नाने घडत आहेत, हे त्याला कळत नाही. ते आता तुम्हाला कळले आहे. तेव्हा आपल्या गावच्या पाण्याची तपासणी झाली आहे काय, हे गुरुजींना, घरच्या वडीलधाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला विचारण्याचे काम तुम्ही करू शकता.